मालवणचा गणपतदोन

चार जुने मास्तर एकत्र जमले की विद्यार्थ्यांच्या गंमती निघतात. आमच्या मालवणच्या हायस्कूलचे मास्तर जमले की मात्र विद्यार्थी राहतात बाजूला, आणि कुणीतरी म्हणतो, "तो हाडांचा किस्सा सांगा हो!"

आता तो किस्सा एकच असता तर प्रश्न नव्हता. पण ती हाडं जुळवायचं काम सात-आठ वर्षं चाललं. शाळेतल्या प्रत्येकाचा त्याला हात लागला आणि प्रत्येकजण आपापला किस्सा खिशात घालून घरी गेला. खिशात राहून काही किस्से वाढलेही असतील! मी तिथे ड्रॉइंग मास्तर होतो. मी डोळ्यांनी पाहिलेले, नाहीतर ज्याच्यावर बेतले त्याच्याच तोंडून ऐकलेले, तेवढेच सांगतो.

*

सुरुवात केली देवबागच्या पास्कू फर्नांडिसने. आम्ही त्याला पास्कूबाब म्हणायचो. उभा जन्म त्याने मालवाहू बोटींवर काढला. शेवटच्या सफरीत त्याची बोट दुरुस्तीसाठी अर्जेंटिनाच्या एका बंदरात अडकून पडली. पास्कूबाब गावात हिंडत हिंडत एका शेतावर पोचला. तिथे पावसाने नदीचा काठ कोसळला होता आणि त्यातून तळहाताएवढे दगड बाहेर आले होते. ढीगच्या ढीग! आणि प्रत्येक दगडावर कोरल्यासारखं फूल. मध्ये एक गोल पाकळी, भोवती बारीक पाकळ्यांची रांग.

पास्कूबाबच्या अंगणात क्रूस होता. त्याच्याभोवती फरशी घालायची, असं त्याच्या मनात कधीपासून होतं. इथे तर फुलांच्या लाद्या आयत्या पडलेल्या! त्याने शेतकऱ्याला काजूच्या फेणीच्या दोन बाटल्या दिल्या आणि पेट्या भरून घेतल्या. त्या मुंबईपर्यंत आल्या, तिथून आगबोटीने मालवणला आणि मालवणहून होडीने देवबागला.

बायको आंजेलिन खूष झाली. "फुलां बरी कोरलेली हत," म्हणाली. अर्धी फरशी घालून झाली. मग पाद्री आले आशीर्वाद द्यायला. ते शिकलेले गृहस्थ. त्यांनी एक लादी उचलून उलटी केली, मागची बारीक भोकांची जाळी पाहिली आणि म्हणाले, "पास्कू, हा दगड नव्हे. हाड आहे हे."

आंजेलिन त्या फरशीवर अनवाणी उभी होती. ती एका उडीत पायरीवर गेली!

"कोणाची हाडां हाडलंस रे माझ्या आंगणात?"

"माका काय ठावक? थंय नाव लिवलेला नाय!"

"मगे ज्याची हत तेका परत देवन ये. तवसर घरात पाय ठेवू नको!"

अर्जेंटिनाला परत जाणं काही शक्य नव्हतं. म्हणून पास्कूबाब फरशी उखडून, पेट्या पुन्हा भरून आमच्या शाळेत आला.

*

शाळेने त्या पेट्या ठेवून घेतल्या त्या पाटणकर बाईंमुळे. बाई कोल्हापूरच्या. विज्ञान शिकवायला नव्याच आल्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक स्पिरिटचा दिवा, काही परीक्षानळ्या आणि बाटलीतला एक विंचू, एवढंच सामान. बाईंनी पेटीचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की हेडमास्तर आजगावकर सर नाही म्हणायचं विसरूनच गेले.

पण हाडं कुणाची? पास्कूबाब छातीठोकपणे सांगायचा, "कासवाची!"

त्या सुमाराला रेडीकडे लोखंडाची खाण तपासायला एक सरकारी भूगर्भतज्ज्ञ आले होते. सुट्टीच्या दिवशी मासे खायला म्हणून मालवणात उतरले. बाईंनी त्यांना खाणावळीच्या दारातून शाळेत आणलं. साहेब पेट्यांपुढे बसले ते उठेचनात. तिकडे सुरमई गार झाली! शेवटी त्यांनी खडू मागितला आणि फळ्यावर चित्र काढलं. बैलगाडीएवढा प्राणी, पाठीवर घुमटासारखं कवच, आखूड पाय, जाड शेपूट.

"कासव नव्हे. ग्लिप्टोडॉन. हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला. गवत खायचा आणि पिल्लांना दूध पाजायचा."

पास्कूबाबने डोकं खाजवून विचारलं, "कवच घालून?"

फळ्यावरच्या त्या चित्राभोवती बाईंनी चौकट आखली आणि वर लिहिलं, "पुसू नये." पुढे कितीतरी महिने गणिताचे मास्तर उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्रैराशिकं सोडवत होते.

ग्लिप्टोडॉन हे नाव पोरांच्या तोंडात काही बसेना. आठवड्याच्या आत त्याचं गणपतदोन झालं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावचे लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. एक म्हातारे शेतकरी पेट्यांभोवती फिरून आले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "ह्यो गणपत दोन. बरो आसा. पण गणपत एक खंय?"

आजगावकर सरांनी पापणीसुद्धा हलवली नाही. म्हणाले, "रजेवर आहे."

*

तुकडे जुळवायचे म्हणजे काय प्रकार होता सांगतो. प्रत्येक तुकडा पाच-सहा कोनांचा. दिसायला सगळे सारखे, पण एकाची कड दुसऱ्याला लागेल तर शपथ! प्रयोगशाळेशेजारच्या रिकाम्या खोलीत लांब टेबलं मांडली आणि सगळे तुकडे पसरले. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता जो तो हात चालवायचा. एखादी जोडी जमली की व्हरांड्यापर्यंत आरोळी जायची, "बसला!"

आमचे संस्कृतचे पुराणिक शास्त्री तेवढे आत येत नसत. हाडाला शिवलं की आंघोळ आली. पण त्यांना राहवायचंही नाही. ते उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि छत्रीच्या टोकाने आम्हाला हुकूम सोडायचे.

"तो तुमच्या कोपराजवळचा. तो नव्हे हो, त्याच्या शेजारचा! फिरवा. आणखी फिरवा. अहो संधी आहे ही! इकडचा अंत्य पाहा, तिकडचा आद्य पाहा!"

आणि तुकडा टक्कन बसायचा! जन्मभर शब्दांचे सांधे जोडलेली नजर ती.

एकदा एक तुकडा माझ्या हातात होता. शास्त्री सांगताहेत, मी फिरवतोय, आणि तो काही केल्या बसेना. "डावीकडे... डावीकडे म्हणतो मी... अहो, डावा हात कुठला तुमचा!" असं म्हणत शास्त्री ताडकन उठले, आत आले, माझ्या हातातून तुकडा हिसकावला आणि दाबून बसवला.

पाटणकर बाईंचा कप हवेतच राहिला. शास्त्रींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"आता आंघोळ करायचीच आहे," ते म्हणाले, "तर आणखी चार-पाच द्या इकडे!"

त्या दिवसानंतर शास्त्री शाळा सुटल्यावर आंघोळ करू लागले. आणि उंबऱ्याबाहेरची ती खुर्ची कायमची आत आली.

*

जोडी जमली तरी चिकटवायची कशाने? पहिल्यांदा डिंक वापरला. त्याला मुंग्या लागल्या. पावसाळी हवेत डिंक पाघळला आणि जुळलेलं सगळं सुटं झालं.

मग कुणीतरी होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, राळ घ्या आणि मोरीच्या तेलात कढवा, समुद्रसुद्धा सोडवू शकणार नाही! मोरी म्हणजे मुशी मासा. शाळेच्या मागच्या बाजूला चूल मांडून आम्ही ते तेल कढवलं. वासाने आठवीचा वर्ग आधी हसला, मग रडला, मग उठून अंगणात गेला.

वर्ग रिकामा झाला म्हणेपर्यंत गल्लीतली मांजरं आली. खिडकीत, बाकांवर, टेबलाखाली मांजरंच मांजरं! आजगावकर सर नेमके तेव्हाच फेरीला आले. त्यांनी दारातून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "हजेरी चांगली आहे. सुरू करा."

शेवटी पाटणकर बाई म्हणाल्या, मोडलेली हाडं डॉक्टर ज्याने बांधतात तेच आणू. कणकवलीला एक डॉक्टर प्लास्टर घालत. बाई आणि मी एस्टीने तिथे गेलो. दवाखान्यात ही गर्दी! नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "कुठलं हाड मोडलंय?"

"सगळीच," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "अरे बाप रे! पेशंट पडला कधी?"

"हजारो वर्षांपूर्वी!"

डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली आणि पोट धरून हसले. येताना प्लास्टरची पोती एस्टीच्या टपावर होती आणि आमच्या शेजारी बसून डॉक्टरांचा कंपाउंडर येत होता, मिश्रण कसं कालवायचं ते दाखवायला.

*

आता जरा वेगळा किस्सा. ह्यात हसायला फारसं काही नाही. पण हे घडलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

बुरुडाकडून बांबूचा मोठा घुमट विणून घेतला होता. त्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टर आणि त्यात एकेक तुकडा. अर्ध्याहून जास्त पाठ उभी राहिली होती. दिवाळीच्या सुट्टीत वादळ आलं. देवबागात होड्या फुटल्या, माड पडले. शाळेची कौलं उडाली ती नेमकी त्याच खोलीवरची. रात्रभर प्लास्टरवर पाणी पडलं. सकाळी पाहतो तर घुमट बसलेला आणि जमिनीवर पांढऱ्या चिखलात तुकडेच तुकडे.

पाटणकर बाई कोल्हापूरहून सुट्टी अर्धी टाकून आल्या. त्यांच्या वडिलांना ही लांबची नोकरी आधीपासूनच पसंत नव्हती. आता बाईंचंही मन उतरलं. त्यांनी आपली राहायची खोली आवरली, ट्रंक भरली आणि सकाळच्या एस्टीने कायमचं जायचं ठरवून ट्रंक घेऊनच, फक्त एकदा बघायला म्हणून शाळेत आल्या. मी तिथेच होतो.

तेवढ्यात पास्कूबाब आला. त्याच्या स्वतःच्या घराचं छप्पर उडालं होतं. डोक्यावर फाटकी टोपी, पाय चिखलात.

"कितको मोडलो, बाई?"

"सगळाच, पास्कूबाब. संपलं."

पास्कूबाब खाली बसला. एक तुकडा उचलून त्याने सदऱ्याला पुसला. फूल वर आलं.

"ह्यो फुटलो?"

"नाही."

त्याने दुसरा पुसला. "ह्यो?"

"तोही नाही. तुकडे शाबूत आहेत. जोड तुटले सगळे."

"मगे संपला काय? बाई, आमची होडी फुटली काय आमी फळयो गोळा करतो. माणसां जगली मां, मगे होडी परत जाता." त्याने तुकडा बाईंच्या हातात दिला. "ह्यो इतकी वर्सां मातयेखाली फुटान पडलेलो. तेका घाय नाय. तुमका कित्याक घाय?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "माझी एस्टी आहे."

"ती येवक टायम आसा. तवसर ह्यो खंय बसता ता बगा."

बाई चिखलात बसल्या. मीही बसलो. शास्त्रींना निरोप गेला, ते आंघोळीआधीच आले. एस्टी आली, तिने दोनदा हॉर्न वाजवला आणि गेली. बाईंनी मान वर केली नाही. ट्रंक तेवढी दुपारी हेडमास्तरांनी स्वतः उचलून परत खोलीवर नेऊन ठेवली.

बाईंनी त्यानंतर कोल्हापूरची एस्टी धरली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. आणि जूनमध्ये परत आल्या त्या वडिलांना बरोबर घेऊन, गणपत दाखवायला!

*

वादळानंतर संस्थेचे चेअरमन बापूसाहेब बिथरले. त्यांचं म्हणणं, शाळेत हाडं ठेवली म्हणूनच कौलं उडाली. "शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत ही अवदसा खाडीत गेली पाहिजे!" त्यांनी बजावून सांगितलं. आजगावकर सर तोंडावर हो म्हणाले आणि आम्हाला म्हणाले, "संमेलनापर्यंत म्हणाले ना? मग संमेलनापर्यंत काम करा."

मला काम दिलं गणपतचं मोठं चित्र काढायचं. संमेलनात पडद्याच्या जागी ते लावायचं आणि बापूसाहेबांना हा प्राणी मुळात कसा होता ते पटवायचं. अंगाचं ठीक होतं, फळ्यावरचं चित्र होतंच. पण त्या भूगर्भतज्ज्ञ साहेबांनी तोंड भारी बारीक काढलेलं. मी बाईंना विचारून विचारून एवढंच गोळा केलं की चेहरा आखूड, जबडा भरदार, स्वभाव गरीब. त्यावरून मला जमेल तसा चेहरा रंगवला.

संमेलनाच्या दिवशी चित्र वर चढवलं आणि स्टेजवरच्या मंडळींचे श्वास अडकले. मला आधी कळेना. मग कळलं! ते गोल गाल, त्या जाड भुवया, ओठाची ती ठेवण. हुबेहूब बापूसाहेब! माझी शपथ, मनात काही नव्हतं. पण आता उतरवायला वेळ कुठे? बापूसाहेब समोरून चालत येत होते.

ते चित्रापुढे थांबले. चष्मा लावला. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. पाटणकर बाईंनी माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

"चेहरा भला आहे हो," बापूसाहेब म्हणाले. "कुणाचं वाईट करणारा दिसत नाही."

"मुळीच नाही, साहेब," आजगावकर सर म्हणाले.

"आणि ओळखीचाही वाटतो. असा प्राणी खाडीत टाकायचा म्हणजे..." त्यांनी मान हलवली. "छे छे! कौलं माझ्याकडून घ्या. चांगली मंगलोरी घाला."

*

इन्स्पेक्शनचा किस्सा एका मिनिटाचा आहे. तोपर्यंत पाठ पूर्ण झाली होती. जे तुकडे मुळातच नव्हते तिथे नुसतं पांढरं प्लास्टर ठेवलं होतं, खरं काय आणि आपलं काय ते कळावं म्हणून. खाली चार लाकडी ठोकळ्यांचे पाय. इन्स्पेक्टर साहेब कडक. त्यांनी सातवीच्या एका मुलीला उभं केलं.

"हा प्राणी आता कुठे कुठे आढळतो?"

खरं उत्तर असं की कुठेच नाही. बाई खुणा करत होत्या. पण मुलीने विश्वासाने सांगितलं, "सर, फक्त मालवणात!"

साहेबांनी शेरा लिहिला, "उत्तर बरोबर."

*

आणि हा शेवटचा.

कट्टा गावाच्या बाजूला बाबलो नावाचा एक शेतकरी होता. त्याच्या काजूच्या बागेत एका सकाळी खवल्यामांजर सापडलं. अंगभर खवले असलेलं, मुंग्या खाणारं गरीब जनावर. माणसाची चाहूल लागताच त्याने अंगाचा गोळा केला, आणि बाबलोने तो गोळा गोणत्यात घातला. संध्याकाळी त्याचं मटण करायचं ठरलं. पण त्याची मुलगी शकुंतला आमच्या शाळेत होती. ती हटून बसली, "आधी बाईंक दाखवा. मगे काय ता करा." मुलगी जेवेना तेव्हा बाबलो गोणतं खांद्यावर टाकून शाळेत आला.

बाईंनी गोळा हळूच गणपतच्या खोलीत जमिनीवर ठेवायला लावला. बाबलोला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत राहू दे. मुलांनी चालताना तर पाहू दे."

"संध्याकाळपावत. मगे मी नेतलंय," बाबलो म्हणाला आणि गोणतं धरून दाराशी बसला.

शाळा सुटली, पण कुणी घरी गेलं नाही. पोरं खिडक्यांना लोंबकळत होती. शास्त्री, आजगावकर सर, मी भिंतीला टेकून उभे. बाकावर पास्कूबाब बसला होता. तोवर म्हातारपणाने त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. शकुंतला त्याच्या शेजारी बसून काय चाललंय ते त्याला कानात सांगत होती. सांगण्यासारखं काही नव्हतं. मोठ्या कलिंगडाएवढा तो गोळा तसाच पडून होता.

ऊन भिंतीवरून उतरलं. खोलीत अंधुक झालं. बाबलो उठून उभा राहिला.

आणि गोळा हलला.

आधी एक खवला, मग दुसरा. मधून निमुळतं नाक बाहेर आलं आणि हवा हुंगू लागलं. मग ते उघडलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि चालू लागलं. खवल्यांचा बारीक आवाज येत होता. दार उघडंच होतं आणि दारापलीकडे रान होतं. पण ते दाराकडे गेलं नाही. खोलीभर हुंगत फिरलं आणि गणपतच्या समोर येऊन थांबलं. त्याने त्या कवचाची कड नाकाने हुंगली, एकदा, दोनदा. मग ठोकळ्यांच्या मधून वाकून आत शिरलं. थोडा वेळ आत फिरल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि खाली वाकून बघत राहिल्या.

बाबलोने हातातल्या गोणत्याची घडी घातली. ती काखेत मारली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"काय झाला?" पास्कूबाबने मोठ्याने विचारलं. "गो शकू, गेला काय तां?"

शकुंतला बाकावरून वाकून आत बघत होती. बाईंनीच सांगितलं, "नाही गेलं, पास्कूबाब. गणपतच्या पोटाशी आत शिरलंय. निजलंय."

पास्कूबाबने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मगे हळू बोला मरे," तो कुजबुजला. "दोगांयची झोप मोडात!"